दोन चाव्या आणि मधली नदी

बँकेची सेफ एका चावीनं उघडत नाही. एक चावी मॅनेजरकडं किंवा एखाद्या ऑफिसरकडं असते, दुसरी हेड कॅशियरकडं, दोघं एकत्र उभे राहिले आणि दोघांनी आपापली चावी फिरवली की मगच दार हलतं. जॉइंट कस्टडी म्हणतात याला. एका माणसावर सगळा भार नको आणि एका माणसाला मोह नको म्हणून ही पद्धत, आणि पद्धत चांगलीच आहे. मी नोकरीची बहुतेक वर्षं त्या पद्धतीत काढली आणि ५ ऑगस्ट २०१९ च्या सोमवारी सकाळी सव्वादहाला मला पहिल्यांदा कळलं की यात एक गोष्ट कुणी धरलेलीच नाही, ती म्हणजे दोन चाव्यांच्या मधे नदी येऊ शकते.

त्या दिवशी नागपंचमी होती. आमचे हेड कॅशियर, ज्यांना सगळी ब्रँच मामा म्हणायची, ते शनिवारी संध्याकाळी दिवसाचं क्लोजिंग करून सणाला गावाकडं गेले होते. त्यांचं गाव पलीकडं, महाराष्ट्रात, आमची ब्रँच अलीकडं, कर्नाटकात, दूधगंगेच्या काठावर, निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही, बँकेचंही नाही, कारण सांगायचंय ते कुठल्याही ब्रँचला लागू पडतं. जवळचा बंधाऱ्याचा पूल आधीच पाण्याखाली गेला होता, म्हणून मामा मोठ्या पुलावरनं लांबनं फिरून गेले, आणि सोमवारी तो रस्ताही बंद झाला. सकाळी फोन आला, "साहेब, मी आमच्या वेशीत उभा हाय, पुढं सगळं पाणीच हाय, कसं येऊ सांगा." माझ्या हातात माझी चावी होती, काउंटरपुढं पन्नास-साठ माणसं होती, आत सेफमधे पैसे होते, आणि ते पैसे त्याच माणसांचे होते.

आमच्या भागाबाहेरच्यांना एक गोष्ट सांगायला लागते. आमच्याकडचा पूर हा आमच्या पावसाचा नसतो. पाऊस पडतो तिकडं सह्याद्रीत, पाणी सुटतं कोयनेतनं, काळम्मावाडीतनं, पाटगावातनं, म्हणजे तिकडच्या धरणांतनं, आणि इथं कधीकधी चक्क ऊन पडलेलं असतं, पोरं अंगणात खेळत असतात आणि नदी चढत असते. त्यामुळं आमच्याकडं माणसं आभाळ बघत नाहीत, फोन बघतात, राजापूर बंधाऱ्यातनं किती क्युसेक आलं, अलमट्टीतनं किती सोडलं, कल्लोळ-येडूर गेला का, कारदगा-भोज गेला का, जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, मलिकवाड-दत्तवाड, ही पुलांची नावं आमच्याकडं पोराबाळांना पाठ असतात. नवीन बदलून आलेल्या मॅनेजरला मात्र ती पाठ नसतात. मीही तेव्हा बदलून येऊन सव्वा वर्षच झालं होतं, मूळचा मी खानापूरकडचा, मलप्रभेच्या बाजूचा, तिथलं पाणी वेगळं, चढतं तसं उतरतं. हे कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी चढलं की आठ-आठ दिवस हलत नाही.

तर ब्रँचमधे बीसीपीची फाईल होती. बिझनेस कंटिन्युइटी प्लॅन, म्हणजे काहीही झालं तरी बँकेचं काम थांबू नये, थांबलं तर किती वेळात परत उभं राहायचं, कुणी काय करायचं, याची लेखी योजना. ही फाईल प्रत्येक ब्रँचमधे असायला लागते, इन्स्पेक्शनला बघतात. आमची फाईल नीट पंच केलेली, पानांना नंबर घातलेले. आग लागली तर, भूकंप झाला तर, दंगल झाली तर, पूर आला तर, असे रकाने आणि प्रत्येकापुढं जवळपास एकच वाक्य, कंट्रोलिंग ऑफिसला कळवणे. मी त्या सोमवारी ती फाईल उघडली. इमर्जन्सी नंबरांच्या पानावर पाच नावं होती, त्यातल्या दोघांची बदली झालेली, एक रिटायर झालेले. पानाच्या खाली माझी सही होती, एप्रिलमधली, तपासले म्हणून. ती सही बघून पोटात जे झालं ते आजही आठवतं, कारण मी तपासलं नव्हतं, फक्त सही केली होती.

डुप्लिकेट चावी असते. प्रत्येक सेफच्या चाव्यांचा दुसरा संच सीलबंद करून दुसऱ्या ब्रँचमधे ठेवलेला असतो, अशीच वेळ आली तर म्हणून. आमचा संच तालुक्याच्या ब्रँचमधे होता. पण तो काढायला रीजनल ऑफिसची परवानगी पाहिजे, दोन ऑफिसर पाहिजेत, रजिस्टरला नोंद पाहिजे, सील तोडल्याचं लिहून पाहिजे, आणि हे सगळं असायलाच पाहिजे, यात माझी काही तक्रार नाही. फक्त त्या दिवशी रीजनल ऑफिसचा फोन लागत नव्हता, लागला तेव्हा साहेब दुसऱ्या पुरातल्या ब्रँचशी बोलत होते, आणि परवानगी आली तोवर तालुक्याच्या रस्त्यावर ओढ्याचं पाणी आलं होतं. डुप्लिकेट चावी आमच्या हातात पडली मंगळवारी संध्याकाळी. म्हणजे दीड दिवस.

त्या दीड दिवसात मी किती जणांना नाही म्हटलं ते मोजलेलं नाही. एक जण मात्र आठवतो, चाळिशीचा असेल, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पायाला चिखल. त्याला तीन हजार पाहिजे होते. घरात दोन म्हशी आणि एक रेडकू, टेम्पोवाला रोख मागत होता. त्याच्या पासबुकात एकोणीस हजार होते. तो ओरडला नाही, भांडला नाही, त्यानं पासबुक उघडून काचेतनं मला दाखवलं, बोट आकड्यावर ठेवलं आणि म्हणाला, "हाईत की साहेब पैसे. हे बघा की." मी त्याला चावीचं सांगितलं. त्याला चावीचं काय करायचं होतं? माझ्या खिशात अकराशे होते ते मी दिले, आमच्या शिपाईअण्णांनी पाचशे काढले, क्लार्क मॅडमनी पर्समधनं दोन-तीनशे दिले आणि असे करून कसेबसे त्याचे दोन हजारांच्या आसपास झाले, बाकीचे टेम्पोवाल्यानं उधार धरले. म्हशी गेल्या वरच्या अंगाला. पण हे काही बँकेचं काम झालं नाही. त्या दिवशी तिथं बँक नव्हतीच, तीन माणसं होती.

त्या दिवसापासनं माझ्या डोक्यात हा विषय बसला तो बसलाच. बिझनेस कंटिन्युइटी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढं मोठ्या गोष्टी येतात, डेटा सेंटर, दुसऱ्या शहरातलं डीआर सेंटर, म्हणजे डेटा सेंटर बंद पडलं तर कामाला येणारं दुसरं सेंटर, तेही वेगळ्या भूकंप-पट्ट्यात, सहा महिन्यातनं एकदा सगळा कारभार तिकडनं चालवून बघायचं ड्रिल. ते सगळं लागतंच, ते नसतं तर कोल्हापूर-सांगली-बेळगाव बुडालं तेव्हा कुणाच्या खात्यात किती आहेत हे कुणालाच कळलं नसतं. आमच्या ब्रँचमधे पाणी आलं पण एकाही खात्यातला एक रुपया इकडचा तिकडं झाला नाही, कारण हिशेब आमच्या गावात नव्हताच. कॉम्प्युटर यायच्या आधी लेजर होती तेव्हा हेच पाणी लेजरमधे शिरलं असतं. पण हिशेब शाबूत आहे आणि पैसे हातात पडत नाहीत, याला माणूस बँक चालू आहे असं म्हणत नाही. दोन टोकांच्या मधलं जे शेवटचं दहा किलोमीटरचं अंतर, चावी, रस्ता, बॅटरी, डिझेल, माणूस, ते मुंबईत बसून कुणाला लिहिता येणार नाही. ते ज्याला नदी माहीत आहे त्यानंच लिहायला पाहिजे.

बुधवारी पहाटे शिपाईअण्णांचा फोन. ते कन्नड बोलणारे, माझ्याशी एरवी मराठीत बोलतात, पण घाईत आपलीच भाषा येते माणसाला. "सर, नीर बंत्री!" पाणी आलं. ब्रँचच्या पायरीला लागलं होतं. डुप्लिकेट चावी आदल्या संध्याकाळीच आली होती म्हणून बरं, आम्ही सेफ उघडून कॅश खालच्या खणातनं सगळ्यात वर चढवली, आणि मग विचार सुरू झाला की ही ठेवायची का हलवायची. इथं एक पेच असतो जो बाहेरच्याला दिसत नाही. प्रत्येक ब्रँचला रिटेन्शन लिमिट असते, रात्री इतकीच कॅश ठेवायची, जास्त झाली की करन्सी चेस्टला, म्हणजे नोटांचा साठा ठेवणाऱ्या मोठ्या ब्रँचला, पाठवायची. पूर येणार म्हटल्यावर कॅश कमी ठेवावी हे शहाणपण, भिजेल, वाहून जाईल. पण पूर येणार म्हटल्यावरच लोकांना जास्त कॅश लागते, एटीएम बंद पडतं, लाइट गेली की मोबाईल बंद, मोबाईल बंद की यूपीआय बंद, आणि चेस्टची गाडी तर येऊ शकत नाही. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि पलीकडं शिरोलीजवळ पंचगंगेचं, मग पुणे-बेंगळूर हायवेच बंद, तिथं गाडी कुठनं येणार. माझं मत आता पक्कं झालंय, पाणी यायच्या तीन दिवस आधी, बंधारे जायला लागले की लिमिट वाढवून मागायची, कॅश आणून घ्यायची, दहा-वीस-शंभरच्या नोटा जास्त मागायच्या, आणि ती तळमजल्यावर ठेवायची नाही. पाचशेची नोट पुरात कुणाकडं सुट्टी होत नाही.

आम्ही पोलिस बरोबर घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं कॅशची पेटी वरच्या गल्लीतल्या कल्याण मंटपात, म्हणजे लग्नाच्या हॉलमधे, हलवली. रिझर्व्ह बँकेच्या नैसर्गिक आपत्तीच्या नियमांत, २०१८ चं मास्टर डायरेक्शन होतं तेव्हा, याची मोकळीक होती, बाधित ब्रँचनं तात्पुरत्या जागेतनं काम करावं आणि रिझर्व्ह बँकेला कळवावं. त्यात बरंच चांगलं होतं, लोकांना माहीतच नसतं म्हणून सांगतो. एफडी मुदतीआधी मोडली तर दंड माफ करायचा विचार करता येत होता, कागदपत्रं वाहून गेलेल्या माणसाचं साध्या ओळखीवर छोटं खातं उघडता येत होतं पन्नास हजारांच्या मर्यादेत, आणि पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त झालं तर पीककर्जाची मुदत वाढवून देता येत होती, ३३ ते ५० टक्क्याला दोन वर्षांपर्यंत, ५० च्या वर गेलं तर पाच वर्षांपर्यंत. नुकसानीचा टक्का ठरवणार सरकारी पंचनाम्यावरनं. किती शेतकऱ्यांना हे कुणी आपण होऊन सांगितलं? मी पहिल्या आठवड्यात कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण मलाच नीट माहीत नव्हतं, मी ते डायरेक्शन त्या कल्याण मंटपात रात्री यूपीएसच्या उजेडात मोबाईलवर वाचलं.

आणि दुसऱ्या दिवशी गावात बातमी, बँक बुडाली.

हा शब्द आपल्या भाषेत किती वाईट आहे. पाणी शिरलं, बँक बुडाली, कुणीतरी कुणालातरी एवढंच सांगितलं असणार आणि ते खरंच होतं, पण तीन गावं ओलांडेपर्यंत त्याचा अर्थ बदलला. छावणीतनं, शाळेतनं, नातेवाइकांच्या घरातनं माणसं धावत आली, बाया तर रडतच आल्या, मुलीच्या लग्नाचे पैसे, बिडीचे साठवलेले पैसे. एक आजोबा काठी टेकत टेकत आले आणि मला विचारलं, "बुडाली म्हणं ओ बँक? आता कसं?" मी त्यांना सांगत होतो की पाणी शिरलंय, पैसे गेले नाहीत, आणि ते मान हलवत होते पण डोळ्यात काही उतरत नव्हतं. तेव्हा क्लार्क मॅडमनी कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, मराठीत आणि खाली कन्नडमधे, ब्रँचमध्ये पाणी आले आहे, सर्व खात्यांतील पैसे सुरक्षित आहेत, उद्यापासून सकाळी ११ ते ३ या ठिकाणी काम चालू. तो कागद कल्याण मंटपाच्या दाराला, देवळाला आणि छावणीच्या शाळेला लावला, देवळाच्या माइकवरनं दोन्ही भाषेत वाचून दाखवला. त्या एका कागदानं जे काम केलं ते आमच्या कुठल्या सर्क्युलरनं केलं नाही. बीसीपीत लोकांना काय सांगायचं आणि कुणी सांगायचं याचं एक पान पाहिजे, आधीच लिहून ठेवलेलं, नुसती तारीख आणि जागा घालायची शिल्लक असलेलं.

ठेवींचा विमा असतो हेही तेव्हा लोकांना सांगायला लागलं. डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या ठेवविमा महामंडळाचा विमा तेव्हा एक लाखाचा होता, ४ फेब्रुवारी २०२० पासनं तो पाच लाखांचा झाला, सरकारी बँक, खाजगी बँक, सहकारी बँक सगळ्यांना. पतसंस्थांना मात्र तो नाही, आणि आमच्या भागात गल्लोगल्ली पतसंस्था, म्हणून हे मी अजून भेटेल त्याला सांगतो.

कल्याण मंटपात लॅपटॉप आणि डोंगलवर लिंक यायची-जायची. बँक मित्राचं, म्हणजे बँकेच्या गावातल्या एजंटाचं, अंगठ्याचं मशीन होतं, आधारवरनं पैसे काढायचं, त्यावर भरवसा ठेवला होता आणि तिथंच अडलं. रांगेतल्या निम्म्या बाया बिडी वळणाऱ्या. वर्षानुवर्षं पानावरनं तंबाखूवरनं बोटं फिरून त्यांच्या बोटावरच्या रेषाच पुसट झालेल्या, त्यात चार दिवस पाण्यात काम, मशीन लाल दिवा दाखवायचं, परत दाखवायचं. एक बाई पदराला बोट पुसून पुसून परत परत ठेवत होती. मग आम्ही जुन्या पद्धतीवर आलो, रीजनल ऑफिसला फोन करून परवानगी घेतली, ब्रँच सोडायच्या आधी मॅडमनी खात्यांच्या शिलकीची प्रिंट काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली होती, शाईचा अंगठा, दोन ओळखीचे साक्षीदार, ठरवलेल्या रकमेच्या आत, व्हाउचर लिहायचं आणि लिंक आली की एन्ट्री घालायची. ती प्रिंट काढा असं मॅडमना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांच्या वडिलांची सोसायटीत नोकरी होती, ते म्हणायचे की वीज जाते तेव्हा कागद राहतो. त्या प्रिंटवर आम्ही तीन दिवस बँक चालवली आणि नंतर टॅली केलं तेव्हा एका रुपयाचा फरक निघाला नाही.

पाणी उतरायला लागलं आणि मामा आले, नऊ दिवसांनी. त्यांच्या स्वतःच्या घरात कंबरभर पाणी होतं, भिंत पडलेली, आणि चावी त्यांनी नऊ दिवस कमरेच्या करगोट्याला बांधून ठेवली होती, झोपतानासुद्धा. मला ती दाखवली आणि त्यांचे डोळे भरून आले. चूक कुणाचीच नव्हती, सणाला घरी जाणं ही काही चूक नाही. चूक असली तर माझी, की मला माहीत असायला पाहिजे होतं माझा दुसरा चावीवाला नदीच्या कुठल्या अंगाला झोपतो.

मग ओल्या नोटा यायला लागल्या. ट्रंकेतल्या, डब्यातल्या, देव्हाऱ्याखालच्या. एक आज्जी पितळी डबा घेऊन आल्या, त्यात दहा-वीस-पन्नासच्या नोटांचा गोळा, चिखलाचा वास, सुटाच होत नव्हता. कुणीतरी म्हणालं इस्त्री फिरवा, मामांनी हात धरला. त्यांनी हॉलमधे जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, गोळा पहिल्यांदा स्वच्छ पाण्याच्या परातीत ठेवला, मला वाटलं काय करायलेत, आणखी भिजवतात, पण चिखल सुटल्यावर नोटा आपोआप सैल होतात, मग पोस्टकार्डाची कड अलगद आत सरकवत एकेक नोट उचलायची, ओढायची नाही. एक नोट कागदावर ठेवायची, पुढची तिच्या शेजारी. पंखा बारीक. आज्जी शेजारी फतकल मारून बसल्या होत्या आणि प्रत्येक नोट सुटली की पुटपुटत मोजत होत्या. तीन तास लागले. एकतीसशे चाळीस निघाले, दोन नोटा फाटल्या. ओली, मळकी नोट बदलून द्यायलाच लागते, त्यासाठी खातं असायला लागत नाही. फाटक्या नोटेचे रिझर्व्ह बँकेचे २००९ चे नियम आहेत, २०१८ मधे बदललेले, वीसपर्यंतच्या नोटेचा अर्ध्याच्या वर तुकडा शाबूत असला तर पूर्ण पैसे, पन्नास आणि वरच्या नोटेचा सलग तुकडा ८० टक्क्यांच्या वर असला तर पूर्ण, ४० ते ८० असला तर निम्मे. आज्जींच्या दोन्ही नोटा दहाच्या होत्या, पूर्ण पैसे दिले. सरकारकडनं त्या वेळी बाधित घराला दहा हजारांची तातडीची मदत जाहीर झाली होती, तीही आज्जींच्या खात्यात नंतर आली, पण मला विचाराल तर त्या दिवशी त्यांना जास्त मोल त्या एकतीसशे चाळीसचं होतं.

लॉकरवाल्यांचं सांगायलाच पाहिजे, कारण तिथं भांडणं झाली. खालच्या दोन ओळींतल्या लॉकरमधे पाणी गेलं, कागदपत्रं भिजली, खरेदीखतं, लग्नपत्रिका, फोटो. पाणी यायच्या आधी दोन दिवस त्यांना फोन करायला हवे होते, चावी शोधण्याच्या गडबडीत राहून गेलं. आता १ जानेवारी २०२२ पासनंच्या लॉकरच्या नियमांत स्पष्ट आहे, आग, चोरी, दरोडा, इमारत पडणं किंवा कर्मचाऱ्याचा घोटाळा यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत, पण पूर, भूकंप, वीज पडणं यात बँकेवर जबाबदारी नाही, फक्त बँकेनं जागेची योग्य काळजी घेतलेली पाहिजे. काळजीत फोन करणं येतं असं मी धरतो. तुमचा लॉकर खालच्या ओळीत असेल आणि गाव नदीकाठचं असेल तर जूनमधेच कागद प्लॅस्टिकमधे घाला, किंवा वरचा लॉकर मागा.

त्यानंतर करोना आला. तेव्हा नदी नव्हती, कोगनोळीचा नाका होता, तिथं दोन राज्यांच्या मधे बॅरिकेड, आणि परत तोच प्रश्न, कोण कुठल्या अंगाला राहतं. पण या वेळी मला माहीत होतं. स्टाफचे दोन गट केले, एक गट आला की दुसरा घरी, दोन्ही गटात एकेक चावी धरू शकणारा माणूस. एप्रिल २०२० मधे जनधनच्या बायकांना पाचशे रुपये आले तेव्हा खात्याच्या शेवटच्या आकड्यावरनं दिवस ठरवून दिले होते, ० आणि १ वाल्यांनी ३ तारखेला, २ आणि ३ वाल्यांनी ४ ला, असं. बऱ्याच बायांना आपला शेवटचा आकडा माहीत नसायचा, तो आम्ही पासबुकावर गोल करून दिला. जुलै २०२१ ला परत पूर, परत यमगर्णीला हायवे बंद. त्या वेळी सेफ एक तासही अडली नाही.

आणि न दिसणारा पूरही बघितला. जुलै २०२४ च्या शेवटी अनेक छोट्या बँकांना टेक्नॉलॉजी पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा, हल्ला झाला, यूपीआय-एटीएमचं जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयनं तिला तात्पुरतं तोडलं, जवळपास ३०० छोट्या बँकांचं एटीएम, यूपीआय बंद पडलं, १ ऑगस्टला परत जोडलं. आमची बँक त्यात नव्हती. पण दुधाच्या बिलाचे पैसे ज्यांच्या खात्यात अडकतात त्यांना कारण नदी आहे का व्हायरस आहे याचं काही नसतं, ते पासबुक उघडून आकडाच दाखवतात. तेव्हा परत कागद, परत शिलकीची प्रिंट, परत कुणाला फोन करायचा याची यादी.

यादीची वही मी २०१९ च्या दिवाळीनंतर केली. लांबडी, लाल कापडी बांधणीची, दुकानदार उधारीला वापरतात तसली, आणि पेननं लिहिलेली, कारण मोबाईलमधले नंबर बॅटरीबरोबर जातात. पहिल्या पानावर चावीवाले आणि त्यांची घरं, नदीच्या कुठल्या अंगाला. डुप्लिकेट कुठं, परवानगी कोण देणार, त्याच्या नंतर कोण. मग ट्रॅक्टरवाले तीन, डिझेलवाला, जनरेटरवाला, कल्याण मंटपाचे ट्रस्टी, पोलिस ठाणं, तलाठी, छावणी ज्या शाळेत लागते तिचे हेडमास्तर, पट्टीचा पोहणारा एक. बँक मित्रांची घरं. यूपीएसच्या बॅटऱ्या आता जमिनीवर नाहीत, लोखंडी घोड्यावर चढवल्यात, तेही तिथं लिहिलंय, कोणत्या बाजूनं काढायच्या ते. दर वर्षी मिरगाच्या आधी एका दुपारी मेन स्विच बंद करायचा, लाइट नाही, लिंक नाही, आणि वहीतल्या प्रत्येक नंबरला फोन लावायचा. जो उचलत नाही तो नंबर खोडायचा, दुसरा लिहायचा. तेवढं झाल्याशिवाय एप्रिलच्या पानावर सही करायची नाही.

यंदा मी रिटायर होतोय. जूनमधे शेवटचं ते काम केलं. नवीन क्लार्क हुबळीकडची पोरगी आहे, मराठी समजते तिला, लिहिताना कन्नडमधे लिहिते, म्हटलं लिही, दोन्ही असू दे. मी बंधाऱ्यांची नावं सांगत होतो, ती लिहून घेत होती, आणि तिनं विचारलं, "सर, यातला कुठला पहिला जातो?" मी सांगणार होतो तोवर शिपाईअण्णा दारातनं म्हणाले, "ते आपण सांगायचं नाही मॅडम, पुलाच्या तोंडाला पानपट्टी हाय, त्याला विचारायचं, लिवा नंबर." आणि तोंडपाठ नंबर सांगितला. वहीत तो नंबर नव्हता, पाच वर्षं नव्हता. तिनं लिहिला आणि लगेच लावला, स्पीकरवर. दुसऱ्या रिंगला उचलला.

"पाणी? अजून दोन पायऱ्या खाली हाय बघा. कोण बोलायलाय?"

"बँकेतनं," ती म्हणाली, आणि त्याला नाव विचारून नंबरापुढं लिहायला लागली.